खिळे, शाई आणि दरमहा दोन रुपये

अव्वल इंग्रजी कालखंड शिकवताना मुद्रणकलेचा विषय आम्ही प्राध्यापक मंडळी बहुधा अर्ध्या तासात उरकतो. ‘पार्श्वभूमी’ असा मथळा फळ्यावर लिहायचा, त्याखाली श्रीरामपूर, अमेरिकन मिशन, ‘दर्पण’ 1832 अशा नोंदी करायच्या आणि मग निःश्वास टाकून बाळशास्त्री, दादोबा, लोकहितवादी यांच्याकडे वळायचे. लेखकाजवळ प्रतिभा आणि छापणाऱ्याजवळ यंत्र, अशी ही सोयीची वाटणी आहे. प्रतिभेची चर्चा करताना आपण मम्मटापर्यंत मागे जातो. पण मराठी अक्षर प्रथम धातूत कोणी पाहिले, असे विचारले तर वर्ग गप्प होतो, आणि खरे सांगायचे तर वर्गापुढे उभा असणाराही.

विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला देवनागरीत छापले गेले, पण तेथील खिळ्यांमागचे कसब पंचानन कर्मकार या वंगदेशीय धातुकारागिराच्या घराण्याचे होते. आडनावच व्यवसाय सांगते. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी 1817 साली मराठी छपाई सुरू केली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या छापखान्याचा मराठीला झालेला मोठा लाभ कोणत्याही पुस्तकात शोधू नये. तो तेथे पगारावर कामाला आलेल्या माणसांत आहे.

त्यांतले एक गणपत कृष्णाजी. मिशनच्या छापखान्यातील शिळाछाप त्यांनी पाहिली आणि आपल्या लोकांची पुस्तके आपणच छापावीत, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी लाकडी यंत्र स्वतः तयार केले, दगड शोधले आणि शाई करण्याचे प्रयोग घरच्या घरी केले. 1831 साली शके 1753चे मराठी पंचांग त्यांनी छापून काढले. आधी पंचांगच का, याचा विचार केला की या माणसाची जाण ध्यानात येते. ज्या समाजात छापील कागदाला सोवळ्यात स्थान नव्हते, त्या समाजाच्या देवघराशेजारी रोज लागणारी वस्तू त्यांनी निवडली. शाईत चरबी असल्याचा संशय सनातनी मंडळींना होता. त्यावर गणपत कृष्णाजींचे उत्तर मोठे चतुर होते: धर्मग्रंथांसाठी त्यांनी तुपाची शाई वापरली. वादविवाद नाही, पत्रके नाहीत. शाईचा घटकच बदलला. गोविंद नारायण माडगावकरांनी 1863च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये या उद्योगी पुरुषाची दखल घेतली आहे. पुढे अ. का. प्रियोळकरांनी 1958च्या आपल्या मुद्रणेतिहासात त्यांना योग्य ते स्थान दिले. वाङ्मयेतिहासात मात्र ते तळटीपेपलीकडे क्वचितच सरकले.

शिळाछापेत लेखनिकाचा हात टिकून राहतो. छापलेले पान पोथीसारखेच दिसते, म्हणून वाचकाला ते परके वाटत नाही. खिळ्यांचे तसे नाही. तेथे अक्षर हातापासून सुटते. पोलादी दांड्याच्या टोकावर ते उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर मारायचा आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथिल यांचे मिश्रण ओतायचे. हे प्रत्येक अक्षरासाठी, आणि अक्षराचा आकार लहानमोठा करायचा तर पुन्हा पहिल्यापासून. रोमन लिपी एका ओळीत सरळ चालते. देवनागरीत डोक्यावर मात्रा व वेलांटी, पायाशी उकार आणि शिवाय जोडाक्षरे. इंग्रजी जुळाऱ्यापुढे असतात त्यांच्या कितीतरी पट खिळे मराठी जुळाऱ्यापुढे असत. मिशनच्या छापखान्यातील टॉमस ग्रॅहॅम यांनी या कामात असामान्य कौशल्य मिळवले होते.

त्याच ग्रॅहॅमच्या हाताखाली वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास जावजी दादाजी चौधरी हा पोरका मुलगा खिळे घासण्याच्या कामावर लागला. पगार दरमहा दोन रुपये. जन्म 1839चा, शाळेशी संबंध बेताचाच. घासणे हे काम हलके मानले जाई: ओतीव खिळ्याच्या कडेला राहिलेला खरबरीतपणा काढून टाकायचा, इतकेच. पण दिवसभर शेकडो खिळे बोटांखालून जाताना कोणते वळण फुगले आहे, कोणती रेघ शाई धरील, हे ज्याच्या बोटांना कळू लागते त्याचे शिक्षण कमी झाले असे आम्हांस म्हणवत नाही. 1864 साली जावजींनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू हे ठसे कोरणारे मित्र त्यांच्या सोबतीस होते. 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला. तेथून विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ निघाले, 1886पासून ‘काव्यमाला’ निघाली आणि संस्कृताच्या अभ्यासकांना देशोदेशी निर्णयसागराच्या पाठावर विसंबण्याची सवय लागली. ज्या ग्रंथांच्या आधारे आम्ही काव्यशास्त्रातील प्रतिभाविचार शिकवतो, त्यांतील कित्येकांचे पान खिळे घासून मोठ्या झालेल्या या माणसाच्या घरात जुळले आहे. पंडितांनी पाठ शुद्ध केले, हे खरेच. पण गर्दी न करणारी ओळ, ठसठशीत जोडाक्षर आणि भाष्याहून वेगळे उठून दिसणारे मूळ यांविना तो पाठ वाचला कसा गेला असता? राणोजींचे नाव आमच्या एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नसते. जुळाऱ्यांची तर नावेच उरली नाहीत.

मध्ये शतकाचा काळ ओलांडून एक उदाहरण सांगतो. 1950च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचे ‘शब्द’ निघाले ते सायक्लोस्टाइल करून. कचेरीत परिपत्रके काढण्याचे हे यंत्र. प्रस्थापित मासिकांचे दार टाळण्यासाठी कवींनी कारकुनाचे साधन उचलले. लघुनियतकालिकांच्या चळवळीवरील प्रबंधांत बंडखोरीची पाने पुष्कळ असतात, स्टेन्सिलचे पान नसते. स्वतः कोलटकर उपजीविकेसाठी जाहिरातीच्या क्षेत्रात दृश्यरचनेचे काम करीत. त्यांच्या पुस्तकांची मांडणी पाहताना कविता कोठे संपली आणि धंद्यातले कसब कोठे सुरू झाले, हे सांगणे आम्हांला आजवर जमलेले नाही.

आता खिळे गेले, जुळारीही गेले. त्यांचे काम लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडले आहे, पण ज्ञान काही आपोआप आलेले नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या; हा भेद दाखविणाऱ्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा खिळा छापखान्यात असे आणि तो केव्हा उचलायचा हे जुळाऱ्याला सांगावे लागत नसे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ कसे असावेत, याबाबत शासनाला 6 नोव्हेंबर 2009 रोजी निर्णय काढावा लागला. कळफलकावर ती चंद्रकोर आजही उमटते. त्यासाठी साध्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा लागतो. गेल्या सत्रात आमच्याकडे आलेल्या प्रकल्पांपैकी निम्म्याहून अधिकांत ‘पुढार्यांनी’ आणि ‘शेतकर्यांचे’ असे छापलेले होते.