कीर्ती आणि प्रसिद्धी

इंग्रजीतील 'सेलिब्रिटी' हा शब्द मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकापुढे दोन जुने शब्द उभे राहतात : 'कीर्तिवंत' आणि 'प्रसिद्ध'. कोशांत ते एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी बसतात. व्यवहारात मात्र एकाची जागा दुसरा क्वचितच घेतो. समाज माणसाचे मोठेपण कसे ओळखतो, याच्या दोन भिन्न रीती या शब्दांत साठलेल्या आहेत.

'कीर्ती' हा शब्द 'कॄत्' या धातूपासून आला. त्याचा अर्थ सांगणे, वर्णन करणे असा आहे. 'कीर्तन' हा त्याच कुळातला शब्द. म्हणजे कीर्तीला दोन गोष्टी लागतात : सांगण्याजोगे काही कृत्य आणि ते सांगणारे दुसरे कोणी. गीतेत अर्जुनाला अकीर्तीचे भय घातले आहे, तेही लोकांच्या तोंडी राहणाऱ्या कथनाच्या रूपानेच. पुढे हा अर्थ कृतीवरच आरूढ झाला. राष्ट्रकूट कर्काच्या बडोदे ताम्रपटात (शके 734) कृष्णराजाने वेरूळ येथे करविलेल्या देवालयाचे वर्णन आहे. तेथे देवालयालाच 'कीर्तन' म्हटले आहे. कर्त्याच्या पश्चात जी वास्तू बोलत राहते तीच त्याची कीर्ती, हा त्यामागील भाव होय.

'प्रसिद्ध' शब्दाचे मूळ वेगळ्या प्रांतातले आहे. शास्त्रग्रंथांत 'प्रसिद्ध' म्हणजे सिद्ध ठरलेले, निराळ्या प्रमाणाची गरज नसलेले. 'लोकप्रसिद्ध' अर्थ म्हणजे लोकव्यवहारात रूढ असलेला अर्थ. येथे स्तुतीचा गंधही नाही. चोरही प्रसिद्ध असू शकतो. कीर्तिवंत चोर मात्र उपरोधानेच संभवतो.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणकला रुजली आणि या शब्दाचे रूपच पालटले. 1832 साली मुंबईत 'दर्पण' निघाले. पुढे वर्तमानपत्रे आणि ग्रंथ यांचा ओघ वाढत गेला. या काळात मराठीत 'प्रसिद्ध करणे' म्हणजे छापून लोकांपुढे मांडणे, हा अर्थ स्थिर झाला. गुजरातीतही तसेच घडले. हिंदी आणि बंगाली यांनी या कामी 'प्रकाश'चा आश्रय घेतला. मराठी शब्दाच्या या वळणाचा परिणाम दूरवर पोचला. पूर्वी प्रसिद्ध 'असावे' लागे. आता प्रसिद्ध 'करता' येऊ लागले. 'प्रसिद्धिपत्रक', 'प्रसिद्धिविभाग', 'प्रसिद्धिमाध्यमे' हे शब्द याच क्रियेची अपत्ये होत. प्रसिद्धी देता येते, मिळवता येते, प्रसंगी विकतही घेता येते. कीर्ती पसरते, गाजते. ती कोणी कोणाला 'देत' नाही. 'प्रसिद्धिपराङ्मुख' हे विशेषण आपण गौरवाने लावतो; 'कीर्तिपराङ्मुख' असे कोणी म्हणत नाही.

एवढ्यावरून कीर्ती तेवढी सोज्वळ आणि प्रसिद्धी हीन, असा निर्णय देणे घाईचे होईल. कीर्ती सांगणारे कोण होते? राजाश्रयाला असलेले प्रशस्तिकार, दरबारी कवी. ज्यांना असा सांगणारा लाभला नाही, त्यांची कृत्ये मुकी राहिली. अशांना मुद्रणाने प्रथमच दार उघडले. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक 1882 साली प्रसिद्ध झाले. त्यावर टीकेचा भडिमार झाला. महात्मा फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणले आणि आज ताराबाईंचे नाव स्त्रीविषयक विचाराच्या इतिहासात अग्रभागी घेतले जाते. प्रसिद्धी 1882 ची. कीर्तीला नव्वदांहून अधिक वर्षे लागली. पण ती प्रसिद्धी झालीच नसती, तर कीर्तीला आधार तरी कशाचा मिळाला असता?

इंग्रजी शब्दाची वाटचालही बोधप्रद आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ गजबजलेले, गर्दीचे असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा गुणवाचक शब्द व्यक्तीला लागू लागला. गर्दी हेच त्याचे लक्षण असल्याने तो आपल्या नव्या 'प्रसिद्धी'च्या जवळचा आहे. म्हणून चरित्रग्रंथातील 'फेम'साठी सरसकट 'प्रसिद्धी' लिहिणारा अनुवादक मूळ पुरुषाचे कर्तृत्वच पुसून टाकतो. आणि चित्रपटसृष्टीतील प्रत्येक परिचित चेहऱ्याला 'कीर्तिवंत' म्हणणारा, न केलेल्या कृत्याचे श्रेय वाटतो. आजच्या वृत्तपत्रांनी 'सेलिब्रिटी' हा शब्द जसाच्या तसा उचलला, त्यात आळस असेल. परंतु हा भेद राखण्याची एक अजाण सावधगिरीही असावी.

दिवंगत गुणिजनांच्या नावामागे आपण 'कीर्तिशेष' लिहितो. देह गेला, आता कीर्ती तेवढी उरली, असा त्याचा अर्थ. मराठीने 'प्रसिद्धिशेष' असा शब्द घडविला नाही. प्रसिद्धी ही जिवंत माणसाची आणि चालू दिवसाची गोष्ट आहे, हा आपल्या भाषेचा निवाडा त्या न घडलेल्या शब्दात नोंदलेला आहे.