कर गेला, मग किट कार का उरली?

संशोधनाला सुरुवात करताय ना? मग माझी एक चूक ऐका, तुमचे काही महिने वाचतील.

ब्रिटनमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही दोन सीटची छोटी गाडी आणली. ती सुट्या भागांतही मिळायची. सगळा संच घरी न्यायचा आणि गॅरेजमध्ये आपणच जोडायचा. कारण? तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या संचावर नाही. एक किस्सा तर सगळीकडे सांगतात: संचासोबत जोडणीच्या सूचना देता येत नव्हत्या, म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करायची ते लिहून दिलं आणि लोकांनी ते शेवटाकडून वाचलं!

१ एप्रिल १९७३ ला खरेदी कर गेला, त्याजागी १० टक्के मूल्यवर्धित कर आला. संचाची सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. मी प्रकरणाचा शेवट ठोकून दिला: कर गेला, किट कार संपली. मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: "मग पुढे?"

पुढे काय, तर केटरहॅमची सेव्हन नंतरही सुट्या भागांत विकली गेली, आजही विकली जाते. म्हणजे करामुळे सुरुवात समजते, टिकून राहणं समजत नाही. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

या वेळी मी गाडीच्या आत पाहिलं. आतलं काम क्रमाने करावं लागतं. आधी वायरिंग ओढून घ्यायचं, मग डॅशबोर्ड बसवायचा. आधी गालिचा चिकटवायचा, मग सीट आवळायची. क्रम चुकला की केलेलं सगळं उसवा. हे ज्याने स्वतः केलं, त्याला प्रत्येक वायर कुठून जाते ते माहीत असतं. ही ओळख पैसे देऊन मिळत नाही. आणि बघा, या श्रमाची पावती कुठेच फाटत नाही, त्यामुळे कराच्या कागदांत तो दिसतच नाही.

सरकारची नजरही बदलली. १९९८ पासून अशा गाड्यांना नोंदणीआधी तपासणी लागू झाली. आजच्या नियमांत प्रवाशाचं अंग लागू शकेल अशा आतल्या कठीण कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची लागते. म्हणून लोक डॅशबोर्डच्या कडेला रबरी पट्टी लावतात. पूर्वी कायदा गाडी जोडलेली आहे की सुटी ते विचारायचा, आता डॅशबोर्डची कड चाचपतो.

तेव्हा तुमच्या विषयाला दोन प्रश्न जरूर विचारा. मी सांगतोय ते कारण संपल्यावर ती गोष्टही संपली का? आणि कुणाचे श्रम कागदावर आलेच नाहीत? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर घाबरू नका. खरं संशोधन तिथूनच सुरू होतं.