बॅकबे ते वेस्ट बे

मंडळी, आपण ज्याला वेस्ट बे म्हणतो त्याचे अरबी नाव 'अल दफना'. दफन हा शब्द आपल्याही ओळखीचा. इथे त्याचा अर्थ भराव. समुद्रात भराव घालून ही जमीन तयार झाली. १९८२ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचे शेरेटन हॉटेल सुरू झाले तेव्हा आसपास जवळजवळ काही नव्हते. आता मनोऱ्यांची दाटी आहे, आणि 'कुठल्या टॉवरमध्ये राहता?' हा प्रश्न नावानंतर लगेच येतो.

समुद्र बुजवून मोठे होण्याचे हे स्वप्न मुंबईने फार पूर्वी पाहिले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. सर्वांत मोठा सट्टा चालला तो बॅकबेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीच्या शेअरवर. जमीन अजून पाण्याखाली होती, पण तिच्यावर माणसे लक्षाधीश होत होती! शेअर मिळावेत म्हणून प्रेमचंद रायचंद यांच्या दारी रीघ लागे.

पैशामागोमाग मानाची हाव आलीच. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये 'सर' आणि १८५७ मध्ये बॅरोनेट झाले होते. त्यांनी मोठा दानधर्म केला होता. पण अनेकांना दिसली ती फक्त पदवी.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस मुंबईचा काळा दिवस ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद बुडाले. आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाचीही पुंजी या सट्ट्यात गेली.

मग उरले काय? तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंदनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. १८७८ मध्ये पुरा झालेला तो राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाने आजही उभा आहे. भाऊ दाजींनी ज्याच्यासाठी खपून काम केले ते भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९७५ पासून त्याला त्यांचेच नाव आहे. साठवलेले गेले, दिलेले टिकले.

आपण इथे चार पैसे मिळवायला आलो, त्यात गैर काहीच नाही. मोठे घर, मोठी गाडी जरूर घ्यावी. पण आखातातला व्हिसा नोकरीइतकाच टिकतो, आणि भाड्याचा फ्लॅट शेवटी मालकाचा. मुलांचे शिक्षण, गावच्या शाळेला दिलेली पुस्तके, अडल्यानडल्याला केलेली मदत हा आपला खरा भराव. त्याच्यावर उभे राहिलेले खचत नाही.