थांबण्याचे धैर्य

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही कारखान्यांची वसाहत आहे. हिवाळ्यातील पहाटे या शहरावर धुके उतरते, तेव्हा उत्तरेकडील देवनहळ्ळीच्या विमानतळावर यावयाची विमाने कधी चेन्नईकडे वळवितात, सुटावयाची खोळंबतात. आणि बोम्मसंद्र्याहून सारे शहर ओलांडून तेथे पोचलेले आम्ही प्रवासी वैमानिकाला भित्रा ठरवून मोकळे होतो. परंतु टाटांच्या हवाई टपालाचा इतिहास चाळला, तर त्याचा आरंभच एका खोळंब्याने झाल्याचे आढळते.

टाटांची टपालसेवा १९३२ च्या सप्टेंबरात सुरू व्हावयाची होती. पण मुंबईचे जुहू मैदान समुद्रकाठचे व सखल. त्या वर्षी पावसाने ते पाण्याखाली गेले आणि मुहूर्त महिनाभर पुढे ढकलावा लागला. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीच्या एका एंजिनाच्या विमानातून कराचीहून निघाले व अहमदाबादेस इंधन भरून जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल आजच्या कर्नाटकातील बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता. वाट चुकली तर विचारावयाचे कोणाला?

पुढचा पावसाळा आला, तेव्हा या मंडळींनी जुहूशी हट्ट केला नाही. त्यांनी आपला तळ पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलविला. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, पाऊस कोकणात व घाटमाथ्यावर ओततात. पलीकडच्या पुण्यास त्याचा उरलासुरला अंशच मिळतो. घाटावरचे ढग मात्र चुकत नसत, आणि ढगाच्या पोटात डोंगर दडलेला असे. तरीही पहिल्या वर्षात टपाल एकदाही उशिरा पोचले नाही, अशी प्रशंसा नागरी हवाई खात्याच्या अहवालाने केली. माघार घेण्याची जागा आधी ठरविणारेच वेळेवर पोचले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच पुण्यात १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून आले होते. पुणेकर त्या इमारतीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पण अंदाज वर्तविणे हे खात्याचे काम. तो मानणे न मानणे वैमानिकाच्या विवेकावर असते.

त्या विवेकाचे मोल किती, हे मुंबईने पुढे पाहिले. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे एक मोठे विमान ऐन पावसाळी हवेत मुंबईस उतरण्याच्या बेतात असता घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. विमानातील पंचेचाळीसही माणसे दगावली; त्यांत इंडोनेशियाहून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार होते. विमान पस मॉथहून कितीतरी बलाढ्य, चार एंजिनांचे. पण ढगाआडच्या टेकडीला एंजिनांची संख्या कळत नाही.

म्हणून शहाणा वैमानिक उड्डाणापूर्वीच तीन गोष्टी ठरवितो: मुक्कामी हवा कशी असेल, तेथे उतरता न आल्यास कोठे जावयाचे, आणि तेथवर इंधन पुरेल काय. आकाशात गेल्यावर प्रवाशांची घाई, घराची ओढ व स्वतःचा अभिमान ही तिन्ही कानाशी लागतात. जमिनीवर केलेला निश्चय त्यांना पुरून उरतो. वादळात शिरणाऱ्याचे पोवाडे आपण पुष्कळ गाइले. १९३२ साली महिनाभर थांबलेल्यांचाही एखादा गावयास हवा.