कचेरीची नक्कल

ह्यूस्टनहून हायवे ५९ धरून नैऋत्येला निघालं की तासाभरात व्हॉर्टन लागतं. गावाच्या मधोमध चौक, चौकाच्या मधोमध काउंटीचं कोर्टहाउस. इमारत १८८९ची, आर्किटेक्ट यूजीन हायनर. १९३०च्या दशकात नवी फॅशन आली तेव्हा तिचा मनोरा उतरवला आणि विटांवर गिलावा थापला. चांगलं नटलेलं घर गुळगुळीत सरकारी खोका होऊन बसलं आणि पुढची सत्तर वर्षं तसंच राहिलं. २००७मध्ये ते दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा गिलावा गेला होता, विटा मोकळ्या झाल्या होत्या, मनोरा जागेवर होता. त्याच्यासमोर फुटपाथवर कॅमेरा घेऊन उभा असताना मला एकदम आपल्या रेकॉर्ड रूममधला शब्द आठवला : नक्कल. मूळ कागद फाटला, तरी नक्कल असेल तर दावा उभा राहतो.

टेक्ससमध्ये काउंट्या २५४. प्रत्येकीला एक मुख्य गाव आणि त्या गावाला एक कोर्टहाउस. नाव कोर्टाचं असलं तरी निम्मा कारभार आपल्या तहसील कचेरीतला. लग्नाचा परवाना इथे, जमिनीच्या खरेदीखताची नोंद इथे. काउंटी जज हा वकील असलाच पाहिजे असं नाही. तो आणि चार कमिशनर मिळून जे बसतं त्याला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात, पण तिथे चर्चा बहुतेक रस्त्यांची आणि बजेटची. म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषदच.

या इमारतींचं पीक आलं ते १८८१च्या कायद्यानंतर. कर्जरोखे काढून कोर्टहाउस बांधायची मुभा काउंट्यांना मिळाली आणि गावागावांत चढाओढ लागली. मुख्य गावाचा मान मिळाला तर बाजार, रेल्वे, वकील सगळेच येणार. त्यासाठी भांडणंही झाली. शेलबी काउंटीतल्या सेंटर गावात १८८५ साली आयरिश किल्ल्यासारखं कोर्टहाउस उठलं. त्यात न्यायाधीशाच्या आसनामागे निसटून जायला चोरवाट आहे. निकाल लागल्यावर लोक काय करतील याचा नेम नव्हता, एवढं त्यावरून कळतं.

या सगळ्यांत मला लळा लागला तो जेम्स रीली गॉर्डनचा. पंखे नसलेल्या काळात टेक्ससच्या उन्हाळ्यात हा माणूस दगडी इमारती बांधत होता. त्याची युक्ती साधी होती. अधिकच्या चिन्हासारखा आराखडा, कोपऱ्यांत सावलीचे व्हरांडे आणि मधोमध वरपर्यंत मोकळी जागा. गरम हवा मधून वर चढते, मनोऱ्यातून निघून जाते आणि व्हरांड्यांतून थंड हवा आत ओढली जाते. डीकेटर आणि वॉक्सहॅची इथली त्याची कोर्टहाउसं जुळ्या बहिणी शोभावीत इतकी सारखी. वॉक्सहॅचीच्या खांबांवर कोरलेले सुंदर चेहरे पुढे पुढे कुरूप का होत गेले, याची एक फसलेल्या प्रेमाची गोष्ट गावात सांगतात. पुरावा काही नाही, पण फोटो काढताना प्रत्येक जण तेच चेहरे शोधतो. मीही शोधले.

कोर्टहाउसांचे फोटो काढायच्या या छंदात एक पेच आहे. कोर्टहाउस शनिवार-रविवार बंद, आणि नोकरदाराला सुट्टी तेव्हाच. म्हणून माझ्याकडे बाहेरच्या भिंतींचे ढीगभर फोटो आहेत, आतले थोडके. ला ग्रेंजसाठी मात्र मुद्दाम रजा टाकली. गॉर्डनचं हे कोर्टहाउस १८९१चं. निळसर वालुकाश्म, त्यात पांढऱ्या आणि तांबड्या दगडाचे पट्टे. आत शिरलात की वाड्याला असतो तसा चौक! मध्यंतरी दप्तराला जागा हवी म्हणून हा चौक बुजवून टाकला होता. २००५च्या दुरुस्तीत तो पुन्हा मोकळा केला. मी गेलो तेव्हा ऊन सरळ खाली फरशीवर पडलं होतं आणि एक बाई हातात फाइल घेऊन ते ओलांडून गेली. तो फोटो हुकला. अजून चुटपुट लागते.

चौक बुजवणं, मनोरे उतरवणं, खोट्या छतामागे लाकडी कमानी दडवणं हे गावोगाव झालं. एसी आला, पैसा नव्हता आणि जुन्याचं कौतुकही नव्हतं. डोळे उघडले ते आगीने. १ जानेवारी १९९३ला हिल्सबरोचं १८९०चं कोर्टहाउस पेटलं. जवळच्या ॲबटमध्ये जन्मलेल्या विली नेल्सनने मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला आणि १९९९मध्ये इमारत पुन्हा उभी राहिली. १९९८ साली वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने टेक्ससची कोर्टहाउसं देशातल्या सर्वांत धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातली होती. पुढच्याच वर्षी, जॉर्ज बुश गव्हर्नर असताना, राज्याने जतनाची योजना सुरू केली. सुरुवातीची तरतूद पाच कोटी डॉलर. काउंटीने आधी आराखडा द्यायचा, आपला वाटा घालायचा, मग राज्य पैसे देतं. २००१मध्ये या योजनेतून ऑल्बनीच्या कोर्टहाउसचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. आता असे पूर्ण जीर्णोद्धार सत्तराच्या वर गेले आहेत. फुकट मिळालं असतं तर गावांनी एवढा जीव लावला असता का, अशी मला शंका आहे.

गेलेला मनोरा पुन्हा बांधायचा तर तो होता कसा? तिथे जुने फोटो लागतात. कोर्टहाउसांचे फोटो काढण्यातला मोठा टप्पा मद्य बनवणाऱ्या सीग्रम कंपनीच्या नावावर आहे. अमेरिकेच्या द्विशताब्दीसाठी १९७०च्या दशकाच्या मध्यावर तिने २४ फोटोग्राफर देशभर पाठवले. फिलिस लॅम्बर्ट यांची देखरेख, रिचर्ड पेअर संपादक. स्टीफन शोअर होते, विलियम क्लिफ्ट होते आणि टेक्ससचेच फ्रँक गोल्की. हजाराहून अधिक कोर्टहाउसं टिपली गेली. १९७८मध्ये पुस्तक आलं आणि संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला गेला.

माझा कॅमेरा त्या पंगतीतला नाही. पण फेब्रुवारी २०२१मध्ये मेसनचं कोर्टहाउस जाळलं गेल्याची बातमी वाचली, तेव्हा पहिल्यांदा जुनी हार्ड डिस्क काढली. मेसनचे अकरा फोटो निघाले. चारही बाजू, आणि दाराची पितळी मूठ. त्यानंतर नियमच केला : चारही दिशा, मग कळस, मग हाताने धरायच्या गोष्टी. मागची बाजू उन्हाविरुद्ध असली तरी सोडायची नाही.

यादीत सगळ्यात लांबचं मेंटोन अजून बाकी आहे. २०२०च्या जनगणनेत त्या अख्ख्या लव्हिंग काउंटीची वस्ती भरली ६४. कोर्टहाउस मात्र आहे, १९३५चं. ह्यूस्टनहून जायलाच एक दिवस मोडतो. आणि जायचं तर कामाच्याच दिवशी.