रोग्याला विचारण्याची विद्या

वैद्यकाचा इतिहास सांगताना आपण औषधे आणि उपकरणे यांचीच नामावळी देतो. रोग्याला विचारावे कसे, हे शिकाऊ डॉक्टरांना कोणी शिकवले, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक आयुर्वेदाने दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्नालाही परीक्षेचे स्थान दिले आहे. आणि इफिससच्या रूफस या प्राचीन ग्रीक वैद्याने तर रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

पुढे युरोपातील विद्यापीठांत वैद्यक हे मुख्यतः ग्रंथपठण होऊन बसले. त्याला रोग्याच्या उशाशी आणण्यात हॉलंडमधील लायडेनचा मोठा वाटा आहे. तेथे १७१४ पासून बूरहाव अवघ्या बारा खाटांवर विद्यार्थ्यांना शिकवीत असे. १८१६ मध्ये लेनेकने स्टेथोस्कोप शोधला. लाभ मोठा झाला. पण रोग्याच्या शब्दांकडे लागलेला कान त्याच्या छातीकडे वळला! १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर येथे ऑस्लरने विद्यार्थ्यांना वॉर्डातच कामाला लावले. रोग्याची हकिकत विचारून टिपून घेणे, हाच त्यांचा पाठ.

तथापि विद्यार्थी विचारतो कसे, हे पाहणार कोण? १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज यांनी एका निरोगी स्त्रीला रोग्याची भूमिका शिकवली. विद्यार्थी तिला तपासून गेला, की त्याने काय केले व काय राहून गेले, याची ती नोंद करी. रोगीच परीक्षक झाला!

हे सारे कशासाठी? १९७५ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० नव्या रोग्यांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान डॉक्टरांची चिठ्ठी व रोग्याची हकिकत एवढ्यावरूनच साधले होते. उलट १९८४ च्या एका अमेरिकन पाहणीत डॉक्टर रोग्याचे बोलणे सरासरी १८ सेकंदांतच तोडतात, असे आढळले. निदान जेथे असते, तेच दार आपण लोटून घेतो, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे प्रश्न आणखी बिकट. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. विद्या इंग्रजीत, रोगी मात्र मराठी-गुजराती बोलणारा. “जीव घाबरा होतो”, “पोटात कालवते” हे शब्द इंग्रजी पाठ्यपुस्तकात कोठून असणार? २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य रीतसर आले, आरंभीच्या वर्गांत स्थानिक भाषेलाही जागा मिळाली. उशिरा का होईना, हे योग्यच झाले. उपकरणे विकत आणता येतात. ऐकण्याची सवय मात्र गुरूच्या देखरेखीखाली, रोग्यासमोर बसूनच लावून घ्यावी लागते.