तीन नमुने, तीन उत्तरं: ब्लड कल्चरचा इतिहास कुठून वाचायचा?

नेट-सेट किंवा पेटच्या तयारीत ब्लड कल्चर हा विषय चार ओळींत संपतो. रक्तात संसर्ग झाल्याची शंका असली की रुग्णाचं रक्त निर्जंतुक पद्धतीनं घ्यायचं, पोषक द्रवात घालायचं, उबवायचं आणि जंतू वाढले तर ते ओळखायचे. परीक्षेपुरतं एवढं ठीक आहे. पण तुम्हाला संशोधनात यायचं असेल, तर या टेस्टचा इतिहास एकदा सावकाश वाचा. आजही लॅबमध्ये ज्या प्रश्नावर डोकं खाजवावं लागतं, तो प्रश्न या टेस्टच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतच दिसतो.

ती नोंद लुई पाश्चरची आहे. ३ मे १८८० रोजी त्यानं फ्रान्सच्या विज्ञान अकादमीसमोर एक निबंध मांडला. नेहमीच्या काही आजारांनाही जंतूच कारणीभूत असतात, असं त्याला दाखवायचं होतं. त्यात केसतुडांची निरीक्षणं आहेत आणि बाळंतिणींना होणाऱ्या सूतिकाज्वराचीही. या तापानं त्या काळी युरोपातल्या प्रसूतिगृहांत असंख्य बायका दगावत होत्या.

पाश्चर लिहितो की १२ मार्चला डॉ. एर्विए यांच्या वॉर्डात तो एका बाळंतिणीला बघायला गेला. ती गंभीर आजारी होती. तिच्या डाव्या हाताचं बोट धुऊन निर्जंतुक कापडानं कोरडं केलं, टोचून थोडं रक्त काढलं आणि ते कोंबडीच्या सूपमध्ये घातलं. पुढचे काही दिवस त्या सूपमध्ये काहीच वाढलं नाही. १३ मार्चला पुन्हा बोटातून रक्त घेतलं, यावेळी वाढ झाली. १५ मार्चला डाव्या पायाला सुई टोचून रक्त घेतलं, त्यातही वाढ झाली. १६ मार्चला पहाटे सहा वाजता ती बाई वारली.

आता खरी मेख बघा. १३ तारखेच्या कल्चरमध्ये पाश्चरला फक्त केसतुडातला जंतू दिसला. १५ तारखेच्या कल्चरमध्ये दिसला तो बराचसा तसाच, पण वेगळा. केसतुडाचे जंतू जोडीजोडीनं असतात, हे मात्र मण्यांच्या लांबच लांब माळेसारखे होते. हीच रचना आज आपण स्ट्रेप्टोकोकस म्हणून ओळखतो आणि सूतिकाज्वराचा मुख्य गुन्हेगार तोच ठरला.

म्हणजे एकच रुग्ण, चार दिवसांत तीन नमुने आणि उत्तरं तीन: काहीच नाही, केसतुडाचा जंतू, माळेचा जंतू. पुढे वाचण्याआधी स्वतःला विचारा, हा रिपोर्ट तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही कशावर विश्वास ठेवला असता?

आधी १२ तारखेचं शून्य घेऊ. त्यावरून रक्तात जंतू नव्हते असं म्हणता येईल का? प्रौढ रुग्णाच्या रक्तात अनेकदा १ मिलिलीटरमध्ये एकसुद्धा जिवंत जंतू नसतो. आपण सोयीसाठी मिलिलीटरला एक जंतू धरू. बोटातून आलेला थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा. पॉइसॉनच्या सूत्रात आकडे घाला, तर १०० पैकी ९५ थेंब रिकामेच निघतील. आता मिलिलीटरला ०.१ जंतू धरा. १० मिलिलीटर रक्त घेतलं तरी १०० पैकी ३७ वेळा हाती काही लागणार नाही. २० मिलिलीटर घेतलं तर १४ वेळा आणि ३० घेतलं तर ५ वेळा. प्रौढांचं ब्लड कल्चर करताना एवढं रक्त का मागतात, याचं उत्तर या साध्या गणितात आहे. मेयो क्लिनिकच्या जॉन वॉशिंग्टन यांनी १९७५ मध्ये हेच प्रत्यक्ष रुग्णांत दाखवलं. पहिल्या कल्चरमध्ये सुमारे ८० टक्के संसर्ग सापडले, दोन मिळून ८८ टक्के आणि तीन मिळून ९९ टक्के. नंतरच्या अभ्यासांत तर पहिल्या नमुन्याचा आकडा याहूनही कमी आला.

१३ तारखेचा रिझल्ट मात्र जास्त अवघड आहे. केसतूड त्वचेवर येतं. त्यातला गोलाकार जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस. त्याचेच निरुपद्रवी भाऊबंद आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहतात आणि मायक्रोस्कोपखाली हे सगळे सारखेच दिसतात. बोट नुसतं धुतलेलं, वर सुई त्वचेतून गेलेली. आजच्या मायक्रोबायोलॉजिस्टला पहिली शंका हीच येईल, की हा जंतू रक्तातला की कातडीवरचा? एका नमुन्यावरून हे सांगता येत नाही. म्हणूनच आज दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रत्येक वेळी त्वचा नीट निर्जंतुक करून रक्त घेतात. दोन्हीकडे तोच जंतू आला तर वजन वाढतं. त्वचेवरचा जंतू एकाच ठिकाणी आला तर संशय वाढतो.

या नजरेनं पुढचा इतिहास वाचलात तर तो तारखांची यादी वाटणार नाही. हॅम्बुर्गच्या ह्यूगो शॉटम्युलरनं १९०३ मध्ये ब्लड अगारवर स्ट्रेप्टोकोकसचे प्रकार वेगळे केले, कारण 'माळ दिसली' एवढं सांगून भागत नव्हतं. १९४७ मध्ये मेक्सिकोच्या रुइझ कास्तान्येडानं ब्रुसेलोसिससाठी एक बाटली सुचवली. तिच्या एका बाजूला अगारचा थर आणि तळाशी द्रव. बाटली तिरकी केली की द्रव अगारवरून फिरतो आणि झाकण न उघडता कॉलनी दिसतात. झाकण जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा बाहेरचा जंतू आत जाण्याची भीती, आणि ब्रुसेला असेल तर तो लॅबमधल्या माणसालाच लागण्याची. १९७१ मध्ये डीब्लँक, डीलँड आणि वॅग्नर यांनी २,९६७ ब्लड कल्चर यंत्रानं तपासल्याचं प्रसिद्ध केलं. माध्यमात किरणोत्सर्गी कार्बन होता, जंतू वाढले की तो कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडे आणि यंत्राला कळे. १९९० च्या सुमारास किरणोत्सर्गाची जागा बाटलीच्या तळाशी रंग बदलणाऱ्या सेन्सरनं घेतली. आताची यंत्रं दर काही मिनिटांनी प्रत्येक बाटली वाचतात.

वेग प्रचंड वाढला. पण यंत्र फक्त एवढंच सांगतं की बाटलीत काहीतरी वाढतंय. ते रुग्णाचं की सुईबरोबर आलेलं, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं. आणि हा निर्णय नुसता कागदावरचा नसतो. कातडीवरच्या जंतूला खरा मानलं तर रुग्णाला नको असलेली जड अँटिबायोटिक्स दिली जातात आणि मूळ आजार बाजूला राहतो. खऱ्या जंतूला 'कंटॅमिनेशन' म्हणून सोडून दिलं तर कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण हातचा जाऊ शकतो, कारण अशा झडपेवर त्वचेवरचे 'निरुपद्रवी' जंतूसुद्धा ठाण मांडतात.

आता तुमच्या कामाचं. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा या तीन नमुन्यांवरून स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझा 'निगेटिव्ह' खरंच निगेटिव्ह आहे, की मी नमुनाच थेंबभर घेतलाय? माझा 'पॉझिटिव्ह' कुठून आलाय, आणि हे तपासायला दुसरा स्वतंत्र नमुना माझ्याकडे आहे का? आणि नको असलेला निकाल मी लिहून ठेवलाय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाश्चरला आपला मुद्दा सिद्ध करायचा होता. १२ तारखेचं रिकामं सूप आणि १३ तारखेचा केसतुडाचा जंतू गाळून फक्त १५ तारखेची माळ दाखवली असती, तर गोष्ट किती नीटनेटकी झाली असती! त्यानं तिन्ही निकाल तारखेसकट छापले. म्हणूनच इतक्या वर्षांनी, स्टॅफिलोकोकस आणि पॉइसॉन दोन्ही हाताशी असताना, आपण त्याची नोंद नव्यानं वाचू शकतो. त्या बाईचं नाव निबंधात नाही. तिच्या रक्ताचे तीन नमुने मात्र पूर्ण आहेत.